एकाच लॅपटॉपवर बनणारं पॅकेज: स्क्रिप्ट ठेवावी की कॉन्फिग फाइल करावी?

अंबडकर

नमस्कार मंडळी. रोज वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही चौघं जण. अंबड एमआयडीसीत एका मशीन शॉपच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली व्हीएमसी (धातू कापायचं कॉम्प्युटरवर चालणारं मशिन) सुरू झाली की आमच्या टेबलावरच्या चहाला लाटा येतात. काम असं: कारखान्यात इन्स्पेक्शन टेबलावर डिजिटल गेज असतात, त्यांचं रीडिंग सिरीयल पोर्टवरून उचलायचं, माप मर्यादेत आहे का ते बघायचं आणि शिफ्ट संपली की रिपोर्ट काढायचा. बहुतेक सगळं पायथॉनमध्ये, पोर्ट वाचायचा छोटा भाग सी मध्ये. सातपूर, अंबड, सिन्नर मिळून अकरा ठिकाणी बसवलंय. शॉप फ्लोअरवरच्या कॉम्प्युटरला इंटरनेट कुठेच नाही. आयटीवाले देत नाहीत, आणि त्यांचं चुकत नाही. म्हणजे पेन ड्राइव्ह खिशात आणि गाडीला किक.

ग्राहकाकडे बसवायला जे नेतो ते पॅकेज. ते बनवायला एक शेल स्क्रिप्ट (क्रमाने चालणाऱ्या आज्ञांची फाइल) आहे, ३४० ओळींची. ती लिहिणारा सहकारी दिवाळीनंतर पुण्याला गेला. भांडण वगैरे काही नाही, चांगली नोकरी लागली. लॅपटॉप परत करून गेला. आता गंमत अशी की स्क्रिप्ट फक्त त्याच लॅपटॉपवर चालते. माझ्याकडे निम्म्यात मरते, दुसऱ्याकडे पूर्ण होते पण बनलेलं पॅकेज ग्राहकाकडे उघडतच नाही. त्या लॅपटॉपला आम्ही हात लावत नाही, अपडेट करत नाही, वर कागद चिकटवलाय ‘बंद करू नये’. देव्हाऱ्यात ठेवायचाच काय तो बाकी आहे. गेल्या आठवड्यात त्याची बॅटरी फुगली, टचपॅड वर आलंय.

एका मित्राने सांगितलं, स्क्रिप्ट फेक, काय हवंय तेवढं एका फाइलीत लिही, कसं करायचं ते टूल बघून घेईल. डिक्लेरेटिव्ह म्हणे. त्यावर निक्स, बेझल, डॉकर, पायप्रोजेक्ट अशी इतकी नावं घेतली की घरी जाईपर्यंत अर्धी विसरलो. चार माणसांच्या दुकानाने यातलं नेमकं काय करावं?

कांदेनवमी

आधी ती बॅटरी काढा. बाकी चर्चा नंतर.

निक्सनाथ

आपला विषय आला, आता आवरणं कठीण.

अंबडकर, तुमच्या दुखण्यावर नेमकं हेच औषध आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००३ च्या सुमारास निक्स सुरू केलं, २००६ मध्ये त्यावर पीएचडी केली. कल्पना साधी आहे. पॅकेज बनवायला जे जे लागतं, म्हणजे सोर्स, कंपायलर, लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड), त्यांच्या आवृत्त्या, बिल्डचे (पॅकेज बनवण्याचे) पर्याय, त्या सगळ्यांचा मिळून एक हॅश (बोटाच्या ठशासारखा, काही बदललं की बदलणारा संकेत) काढायचा आणि पॅकेज ज्या फोल्डरात राहील त्याच्या नावातच तो बत्तीस अक्षरांचा हॅश घालायचा. एक लायब्ररी बदलली की हॅश बदलला, फोल्डर वेगळं. जुनं जागेवर, नवं शेजारी, एकमेकांच्या पायात पाय नाही.

त्यात बिल्ड होतं ते बंद खोलीत. घरचं फोल्डर दिसत नाही, नेटवर्क नाही. नेटवरून काही आणायचंच असेल तर त्याचा हॅश आधी फाइलीत लिहून द्यावा लागतो. म्हणजे सहकाऱ्याने तीन वर्षांपूर्वी लॅपटॉपवर हाताने टाकलेली आणि विसरलेली लायब्ररी बिल्डला सापडणारच नाही. पहिल्याच दिवशी तोंडावर एरर येईल. आणि तीच तर हवी आहे.

पाथर्डी_फाटा

निक्सनाथ महाराज, सगळं मान्य. पण उद्या यांच्यातला जो निक्स शिकेल तोच पुण्याला गेला तर? निक्सची भाषा वाचणारं माणूस नाशकात शोधायला कॉलेज रोडवर बोर्ड लावावा लागेल. ३४० ओळींची शेल निदान गूगलून तरी वाचता येते.

निक्सनाथ

@पाथर्डी_फाटा, भाषा विचित्र आहे हे मान्य. पहिला महिना मीही रडलोय. पण ‘शिकायला अवघड’ आणि ‘एकाच लॅपटॉपवर चालतं’ ही दोन दुखणी सारखी नाहीत हो.

टॅबची_शिक्षा

डिक्लेरेटिव्ह हा काही कालचा शोध नाही. मेक १९७६ चं आहे, बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं. ‘ही वस्तू या वस्तूंपासून बनते’ एवढं सांगायचं, कुठली आधी करायची ते मेक ठरवणार. फक्त बनवायची रीत शेलमध्येच लिहावी लागते, म्हणजे अर्धं डिक्लेरेटिव्ह. आणि ओळीच्या सुरुवातीला टॅबच हवा, स्पेस चालत नाही. ही चूक फेल्डमनच्या लवकरच लक्षात आली होती, पण तोवर डझनभर लोक वापरत होते, त्यांचं मोडायला नको म्हणून तशीच ठेवली. त्या डझनभरांपायी जगाने पन्नास वर्षं टॅब मोजले. माझ्या आयडीचं मूळ तेच.

डॉकरफाइलला (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका डब्यात भरायची फाइल) मात्र कुणी डिक्लेरेटिव्ह म्हटलं की मला राग येतो. ती क्रमाने द्यायच्या आज्ञांची यादी आहे. त्यात ‘पॅकेजं अपडेट कर’ लिहिलं की आज एक डबा बनतो आणि पुढच्या महिन्यात दुसरा. फाइल मात्र तीच.

सातपूरचा सेटर

मी सॉफ्टवेअरवाला नाही, व्हीएमसी सेटर आहे, बावीस वर्षं झाली. मुलगा हा धागा वाचत होता म्हणून बसलो. जरा आडवं बोलतो.

आमच्याकडे ड्रॉइंग येतं. त्यावर भोक २५ एच ७ लिहिलेलं असतं. म्हणजे २५ पूर्णांक शून्य मिलिमीटरपासून वर २१ मायक्रॉनपर्यंत, खाली एक मायक्रॉन चालणार नाही. ड्रिल किती नंबरचं, किती पास, बोअरिंग करायचं की रीमर मारायचा, ड्रॉइंग काही सांगत नाही. ते माझं काम. तुमची कॉन्फिग फाइल म्हणजे ड्रॉइंग, आणि स्क्रिप्ट म्हणजे जुन्या सेटरने कागदावर खरडलेली टिपणं, असं मी समजलो. बरोबर ना?

आता माझा अनुभव. ड्रॉइंग आहे म्हणून वस्तू सारखी निघते असं नाही. आम्ही एकदा मे महिन्यात दुपारी भोकं मोजून पास केली, ग्राहकाच्या एसी खोलीत तीच नापास झाली. माप २० डिग्रीचं धरायचं असतं. ते ड्रॉइंगवर कोणी लिहीत नाही, सगळ्यांनी मानलेलं असतं. आमच्या शेडमध्ये तेव्हा ३९ होतं. तर तुमच्या फाइलीत जे लिहिलंय ते सोडा. जे लिहिलेलं नाही पण सगळे धरून चालतात, ते काय आहे ते आधी शोधा.

कांदेनवमी

काका, दंडवत. वाखूसा (वाचनखूण साठवली).

गोदाकाठची

सेटरकाकांनी माझं निम्मं लिखाण वाचवलं.

अंबडकर, औषध ठरवण्याआधी रोगी दाखवा. स्क्रिप्टच्या पहिल्या चाळीस ओळी आणि सेटअप डॉट पाय (पायथॉन पॅकेज कसं बनवायचं ते सांगणारी फाइल) टाका इथे. ग्राहकाचं नाव, पासवर्ड तेवढे झाका. (हसू नका. अशा स्क्रिप्टमध्ये पासवर्ड असतोच.)

अंबडकर

पासवर्ड होता. ताई, तुम्हाला नमस्कार.

सगळं टाकत नाही, लाज वाटते, तोंडी सांगतो. सेटअप डॉट पाय मध्ये पहिली गोष्ट, रिक्वायरमेंट्सची टेक्स्ट फाइल उघडून त्यातल्या ओळी डिपेंडन्सी (आपल्या प्रोग्रामला लागणारी दुसऱ्यांची पॅकेजं) म्हणून देतो. दुसरी, आवृत्तीचा आकडा आजच्या तारखेवरून बनवतो, दिवस, महिना, वर्ष. तिसरी, कॉम्प्युटरचं नाव तपासतो. नाव त्या लॅपटॉपचं असेल तर सी चा भाग तिथल्या एका फोल्डरातून उचलतो, नसेल तर तो भाग गुपचूप वगळतो.

हे तिसरं आज पहिल्यांदा वाचलं. दुसऱ्याकडे बनलेलं पॅकेज का उघडत नव्हतं ते कळलं.

गोदाकाठची

‘नसेल तर गुपचूप वगळ’. ही ओळ मी वेगवेगळ्या वेषांत चार कंपन्यांत पाहिली आहे.

पण त्याहून तुमची आवृत्ती बघा. पेन ड्राइव्हवर जुनी-नवी पॅकेजं एकत्र ठेवता का? ठेवत असाल तर २८ ऑक्टोबरचं पॅकेज २८.१०.२५ झालं आणि ५ नोव्हेंबरचं ५.११.२५. पिप (पायथॉनची पॅकेजं बसवणारं टूल) आधी पहिला आकडा बघतं. अठ्ठावीस पाचापेक्षा मोठा, म्हणून त्याच्या मते ऑक्टोबरचंच नवं. दिवाळीनंतर केलेली दुरुस्ती ग्राहकाकडे कधी पोचलीच नसेल.

अंबडकर

...

सिन्नरवाले तीन महिने फोन करत होते, ‘तुम्ही दुरुस्त केलं म्हणता पण झालेलं नाही’. आम्ही म्हणत होतो, नीट रीस्टार्ट करा.

पाथर्डी_फाटा

त्यांना मिसळ घाला. तिखट नको, आधीच पोळलेत.

गोदाकाठची

आता मूळ मुद्दा. सेटअप डॉट पाय हा प्रोग्राम आहे, तिथेच सगळी गोम. पॅकेजला काय लागतं एवढं विचारायलासुद्धा तो चालवावा लागतो. चालवायला सेटअपटूल्स (पायथॉन पॅकेज बनवणारं टूल) आधीपासून हवं, आणि कुठली आवृत्ती हवी ते लिहिलेलं असतं त्या प्रोग्रामच्या आत. म्हणजे किल्ली कुलूपबंद पेटीत. हा गुंता सोडवायला २०१६ मध्ये पेप ५१८ (पेप म्हणजे पायथॉनमधल्या सुधारणेचा प्रस्ताव) आला, त्यातून पायप्रोजेक्ट डॉट टॉमल. ही साधी मजकुराची फाइल आहे, वाचायला काहीच चालवावं लागत नाही. बिल्ड करायला काय लागतं ते तिच्या एका कप्प्यात. पुढे २०२० च्या पेप ६२१ ने नाव, आवृत्ती, डिपेंडन्सी हेही त्याच फाइलीत एका ठरावीक साच्यात आणलं. टॉमल म्हणजे टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २०१३ मध्ये मांडलेली लिहिण्याची पद्धत. टॉम्स ऑब्व्हियस मिनिमल लँग्वेज, नावात स्वतःला घालून घेतलंय.

फायदा काय, तर तिथे ‘कॉम्प्युटरचं नाव अमुक असेल तर’ असं लिहायला जागाच नाही. चार जणांच्या दुकानाला या घडीला एवढं पुरे. निक्सनाथ, रागावू नका.

एक खड्डा मात्र आत्ताच दाखवून ठेवते. या पद्धतीत सोर्स फोल्डरातून इन्स्टॉल करायला गेलात की पिप बाजूला एक कोरी तात्पुरती खोली उभी करतं आणि फाइलीत सांगितलेलं सेटअपटूल्स नेटवरून आणून तिथे बसवतं. सिन्नरला नेट नाही, म्हणजे तिथे ‘सेटअपटूल्स सापडत नाही’ म्हणून थांबेल आणि तुम्ही म्हणाल, अहो हे तर मशिनवर आहे! आहे, पण त्या खोलीत नाही. म्हणून बिल्ड ऑफिसात करायचं, ग्राहकाकडे फक्त तयार व्हील (बनवून झालेल्या पायथॉन पॅकेजची फाइल) न्यायची. तुमचं एक, आणि डिपेंडन्सींची सगळी. पिपला सांगायचं, इंडेक्सकडे (नेटवरच्या पॅकेजांच्या साठ्याकडे) जाऊच नको, या फोल्डरात शोध. पिप-कंपाइलने प्रत्येक डिपेंडन्सीची नेमकी आवृत्ती आणि हॅश लिहिलेली यादी काढून घ्या, म्हणजे पेन ड्राइव्हवर कोणी दुसरीच फाइल टाकली तर इन्स्टॉल होणार नाही.

निक्सनाथ

रागावलो नाही. पण नोंद घ्या: नेमक्या आवृत्त्या, हॅश, कोरी खोली. एकेक करून निक्सच बांधताय.

गोदाकाठची

हो, पण जेवढं चौघांना वाचता येईल तेवढंच.

टॅबची_शिक्षा

कोणी न वाचलेली बिल्ड स्क्रिप्ट किती महागात पडते ते मार्च २०२४ मध्ये दिसलंच. एक्सझेड हे फाइली दाबायचं टूल, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा घातला होता. तो सुरू करणारी ओळ होती बिल्डच्या एका एम-फोर फाइलीत, आणि ती फाइल गिटमध्ये (सोर्स आणि त्यातले बदल जिथे सगळ्यांना दिसतात तिथे) नव्हतीच, फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये (डाउनलोड करायच्या गठ्ठ्यात) होती. लोक सोर्स वाचतात, बिल्डचं भेंडोळं कोण वाचतं? आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या कॉम्प्युटरवर दुरून शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं म्हणून सापडलं.

तुमच्या ३४० ओळी किती जणांनी वाचल्यात, अंबडकर?

अंबडकर

आजपर्यंत एक. तो पुण्याला आहे.

(नऊ दिवसांनी)

अंबडकर

धागा वर काढतोय. प्रगती सांगतो, एक बदनामीही सांगतो.

पायप्रोजेक्ट झाली. ५२ ओळी. चौघांनी बसून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली, तीन चहा झाले. आवृत्ती आता हाताने लिहितो. सी चा भाग रेपोत (आमचा सगळा कोड असतो त्या साठ्यात) आणला, तो नसेल तर बिल्ड थांबतं, वगळत नाही.

बदनामी अशी. उत्साहाच्या भरात प्रत्येक ग्राहकाची सेटिंगंही एका याम्ल (टॉमलसारखीच, पण वेगळ्या नियमांची पद्धत) फाइलीत घातली. रिपोर्टच्या डोक्यावर कारखान्याचा फोन येतो, त्याचा एसटीडी कोड वेगळ्या ओळीत. नाशिकचा ०२५३. छापून काय आलं? १७१. अंबडच्या क्वालिटी मॅनेजरने रिपोर्टवर लाल पेनाने गोल करून पाठवलं, ‘हे कुठलं गाव?’

दोन तास गेले. मुंबईच्या हेड ऑफिसचा ०२२ तपासला, तर १८. एका ग्राहकाचं हेड ऑफिस बंगळूरला आहे, त्याचा ०८० मात्र जसाच्या तसा. तिथे तर डोकंच चालेना.

गोदाकाठची

अष्टमान, म्हणजे दहाऐवजी आठाच्या पायावरची मोजणी! पायथॉनचं नेहमीचं याम्ल वाचक याम्ल १.१ च्या नियमाने चालतं. त्यात शून्याने सुरू होणारा आणि फक्त ० ते ७ अंक असलेला आकडा अष्टमानातला धरला जातो. दोन चौसष्टं १२८, पाच आठं ४०, वर ३, झाले १७१. ०८० मध्ये आठ आहे, आठ हा अंक अष्टमानात नसतोच, म्हणून तो बिचारा मजकूर म्हणून सुटला. २००९ च्या १.२ मध्ये हा नियम बदलला, पण वापरात जुनंच राहिलं. त्याच घराण्यात नॉर्वेचा देशसंकेत ‘एनओ’ लिहिला की ‘नाही’ होतो, आणि पायथॉनची आवृत्ती ३.१० लिहिली की ३.१ होते.

अवतरणचिन्हं घाला. फोन, पिनकोड, आवृत्ती, जे मोजायचं नसतं ते सगळं अवतरणात. टॉमलमध्ये हे झालं नसतं, तिथे शून्याने सुरू होणारा आकडा सरळ चूक म्हणून परत येतो.

पाथर्डी_फाटा

नाशिक म्हणजे १७१. रिक्षावाल्याला सांगून बघतो.

अंबडकर

अजून एक आहे, आणि हे सुटत नाहीये. ऑफिसात व्हील बनलं, ऑफिसातल्या दुसऱ्या मशिनवर चाललं. काल सिन्नरला नेलं. इन्स्टॉल झालं, पण सुरू करताना म्हणतं ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’. फाइलीत अशी कुठली वस्तू आम्ही मागितलेलीच नाही. द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये चाळीस मिनिटं हाच विचार करत बसलो होतो. ऑफिसात उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) २२.०४, तिथे २०.०४.

सातपूरचा सेटर

२० डिग्री.

गोदाकाठची

काका, अगदी तेच.

जीलिबसी म्हणजे लिनक्सची सी लायब्ररी, प्रत्येक सी प्रोग्रामच्या पायाखालची जमीन. २२.०४ मध्ये ती २.३५ आहे, २०.०४ मध्ये २.३१. नव्या जमिनीवर कंपाइल केलेला सी चा भाग जुनीवर उभा राहत नाही. उलटं चालतं, जुनीवर बनवलेलं नवीवर चालतं. आणि पायप्रोजेक्टमध्ये हे लिहायला जागाच नाही. सगळ्यांनी धरून चालायची गोष्ट.

पायथॉनवाल्यांनी यावर मेनीलिनक्स नावाची सोय काढली आहे. मुद्दाम जुन्या सिस्टिमचा डॉकर डबा देतात, त्यात बिल्ड करायचं. मेनीलिनक्स २०१४ हा सेंटओएस ७ (हाही लिनक्सचाच प्रकार) वर, जीलिबसी २.१७. त्यानंतरचा २_२८ हा अल्मालिनक्स ८ वर, जीलिबसी २.२८. तुमच्या अकरा ठिकाणी सगळ्यात जुनं २०.०४ असेल तर २_२८ पुरतो. डब्यातलं पायथॉनही ३.८ घ्या, कारण २०.०४ चं तेच आहे. नाहीतर सी चा भाग पुन्हा अडेल. शेवटी ऑडिटव्हील चालवा. जमीन कितपत जुनी चालेल ते तपासून ते व्हीलच्या नावात लिहितं. निदान तिथे तरी २० डिग्री कागदावर येते.

निक्सनाथ

निक्समध्ये जीलिबसीसुद्धा हॅशमध्ये असते.

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) करणार होतो, पण राहू दे.

(चार दिवसांनी)

अंबडकर

सिन्नर चालू. अंबड चालू. डब्यात बिल्ड केलं, माझ्या लॅपटॉपवर आणि नव्या मुलाच्या लॅपटॉपवर. दोन्ही व्हीलचे हॅश काढले तर जुळेनात. आतल्या फाइली बाइटला बाइट सारख्या. शेवटी ताईंना निरोप टाकला. व्हील म्हणजे झिप, झिपमध्ये प्रत्येक फाइलीची वेळ जाते. सोर्स डेट इपॉक नावाचं एक व्हेरिएबल असतं, त्यात शेवटच्या कमिटची (कोडमध्ये नोंदलेल्या बदलाची) वेळ भरली. काल संध्याकाळी साडेसातला दोन्ही स्क्रीनवर चौसष्ट अक्षरं ओळीने तीच. नव्या मुलाने फोटो काढून स्टेटसला ठेवला, त्याच्या आईने विचारलं कसला नंबर लागला.

जुन्या लॅपटॉपची बॅटरी काढली, कांदेनवमी. प्लगवर चालतो. अजून बंद केलेला नाही, कारण ३४० पैकी एक ओळ कुठे न्यायची ते कळलेलं नाही. इन्स्टॉलच्या भागात, सर्व्हिस सुरू करण्याआधी, ‘सात सेकंद थांब’. शेजारी शेरा: ‘काढू नये, सातपूरला चालत नाही’. पुण्याला फोन केला. तो म्हणाला, भाऊ, मलाही आठवत नाही, पण काढू नकोस.

सातपूरचा सेटर

सातपूरला गेज एकेक जोडलेत का मधे डबा आहे? मल्टिप्लेक्सरचा, सगळे गेज एकाच वायरीवर आणणारा?

अंबडकर

सातपूरला डबा आहे. बाकी दहा ठिकाणी नाही.

सातपूरचा सेटर

मग तो चालू झाल्यावर आधी सगळी पोर्टं स्वतः तपासत असेल. आमच्याकडचा तसाच आहे, तोवर दिवा लाल असतो. मधेच कोणी रीडिंग मागितलं की अडकून बसतो, वायर काढून लावावी लागते. सेकंद मोजा. आणि किती निघाले ते सातपूरच्या फाइलीत लिहा, कशासाठी ते पण लिहा.

अंबडकर

काका, गुरुवारी जातोय. घड्याळ लावून बघतो.